डॉक्टर देशमुखांचा कायदा

लहानपणी आमच्या घरात दोन शब्द वारंवार कानांवर पडत: ‘देशमुख कायदा’. ते उच्चारणारे बहुधा आजोबा असत आणि उच्चारताना त्यांच्या कपाळाला आठी पडे. माझी समजूत अशी, की हा कायदा आमच्याच पंचक्रोशीतल्या कुणा वतनदार देशमुखाने केला असावा. देशमुख म्हटला की फेटा, मिशा आणि वाड्याचे उंच जोते डोळ्यांपुढे येई. अशा कुणा देशमुखाने रागाच्या भरात हुकूम काढला आणि त्या हुकुमाने आमचे घर दुभंगले, एवढेच मला कळत होते.

दुभंगले हे अक्षरशः खरे आहे. वेळापुरातला आमचा वाडा मधोमध दोन झालेला आहे. ओसरीच्या बरोबर मध्यावर भेंड्यांची एक भिंत आहे. ती 1946 साली घातली. भिंतीच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे धाकट्या काकू. तुळशीवृंदावन त्यांच्याकडे गेले आणि आड आमच्याकडे राहिला. त्यामुळे रोज सकाळी त्या पाण्याला आमच्याकडे येत आणि आमच्या घरातल्या बायका पूजेला त्यांच्याकडे जात. आजोबा मात्र तोंड फिरवून बसत. गावाने धाकट्या काकूंना ‘अर्धनारी’ असे नाव ठेवले होते. हे नाव सुचायला वेळापुरात फार डोके लागत नाही. अर्धनारी नटेश्वराचे यादवकालीन देऊळ ही तर आमच्या गावची ओळख. ज्ञानोबांची पालखी माळशिरसहून निघून आमच्याकडे मुक्कामाला येते तेव्हा वारकरी त्या देवाला हात जोडूनच पुढे भंडीशेगावच्या वाटेला लागतात. अर्धे अंग पार्वतीचे असलेला देव गावाला चालत होता. अर्धा वाडा नावावर असलेली विधवा मात्र चेष्टेचा विषय झाली होती.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील वारले. कागदपत्रांची पेटी उघडली तेव्हा तळाशी 1946 चे वाटणीपत्र निघाले. जुनी शाई, मोडीच्या वळणाचे बाळबोध अक्षर, आणि मध्येच ‘सन 1937 चा 18 वा कायदा’ असा उल्लेख. मी मराठीचा प्राध्यापक. शिलालेख वाचायला सांगाल तर वाचीन, कायद्याशी माझा संबंध कधी आला नाही. परंतु या 18 व्या कायद्याच्या मागे लागलो आणि पहिल्याच दिवशी बालपणीचा तो मिशाळ वतनदार कोसळला. देशमुख कायद्याचे देशमुख हे मुंबईचे एक शस्त्रवैद्य होते! डॉ. गोपाळराव विनायक देशमुख. विलायतेहून एफ. आर. सी. एस. होऊन आलेले नामांकित सर्जन, मुंबई महापालिकेचे अध्यक्ष आणि मग दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद.

वाचकहो, तुमच्यापैकी मुंबईकरांनी हे नाव वाचलेले आहे, फक्त लक्षात राहिलेले नाही. पेडर रोडवर, जिथे लताबाईंचे ‘प्रभुकुंज’ आहे आणि जसलोक इस्पितळ उभे आहे, त्या रस्त्याचे अधिकृत नाव ‘डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग’ असे आहे. टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून पाहा. तो तुमच्याकडे बघत राहील. मौज अशी की पेडरसाहेब हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आणि देशमुख हे त्याच म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष. पाटीवर अध्यक्ष चढले, लोकांच्या तोंडी कमिशनरच राहिला. मुंबईच्या कारभाराची सारी कथा या एका रस्त्याच्या नावात सापडते, असे मला वाटते.

कारण 1888 च्या कायद्याने मुंबईच्या नगरपित्याला मान दिला, पण हुकमत दिली नाही. सभा चालवावी, पाहुण्यांचे स्वागत करावे, ठराव मतास टाकावेत. झाडू, नळ, गटारे आणि नोकरवर्ग यांची दोरी सरकारने नेमलेल्या कमिशनरच्या हाती. डॉक्टर देशमुख अध्यक्ष झाले ते 1928 साली. त्या वेळी पदाचे नाव ‘प्रेसिडेंट’ असेच होते, ‘मेयर’ हे नाव 1931 पासून आले. (‘महापौर’ हा आपला भारदस्त शब्द सावरकरांनी घडवलेला.) पद वर्षाचे. अकरा लाखांवर वस्तीचे शहर, आणि त्याचा पहिला नागरिक एक वर्ष खुर्चीत बसून खाली उतरणार!

मग डॉक्टर मंडळी या खुर्चीकडे का वळत असत? केवळ मानासाठी असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1896 साली मुंबईत प्लेग आला तेव्हापासून शहाण्या डॉक्टरला एक गोष्ट कळून चुकली होती, की दवाखान्यात बसून तो ज्या रोगाशी झुंजतो तो रोग गटारात, कोंदट चाळीत आणि पिण्याच्या पाण्यात जन्म घेतो. रोग्याची नाडी दवाखान्यात सापडते, रोगाची नाडी म्युनिसिपालिटीत. पुण्यात डॉ. विश्राम रामजी घोले म्युनिसिपालिटीत होते. त्यांचाही रस्ताच झाला. कलकत्त्याला डॉ. बिधानचंद्र रॉय 1931 साली मेयर झाले आणि पुढे 1948 पासून 1962 साली मृत्यू येईपर्यंत बंगालचे मुख्यमंत्री राहिले. आमच्या सोलापुरातही डॉ. कृ. भी. अंत्रोळीकर यांच्यासारखे डॉक्टर स्वातंत्र्याच्या लढ्यात पुढे होते.

या परंपरेचा जगातला सगळ्यांत गाजलेला पुरुष म्हणजे फ्रान्सचा जॉर्ज क्लेमान्सो. हा मुळात डॉक्टर. 1870 साली, पॅरिसला जर्मनांचा वेढा पडण्याच्या सुमारास, तो माँमार्त्र भागाचा मेयर झाला. तेथील गोरगरिबांना तो औषध देई आणि मेयर म्हणून त्यांच्या तक्रारीही ऐके. 1871 च्या मार्चमध्ये त्याच भागात जमावाने दोन सेनापतींना गोळ्या घातल्या. त्यांना वाचवायला हा डॉक्टर-मेयर धावत गेला, तो पोचेपर्यंत सारे आटोपले होते. पुढे तो दोनदा पंतप्रधान झाला, पहिले महायुद्ध त्याने जिंकून दिले असे फ्रेंच लोक मानतात. उतारवयात 1920-21 च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन वाघाची शिकारही करून गेला. एवढा मोठा माणूस; पण बायकांचा प्रश्न आला की त्याचे पाऊल अडखळे. स्त्रियांना मत देण्याच्या तो विरुद्ध होता. स्वतःच्या बायकोवर व्यभिचाराचा ठपका ठेवून त्याने तिला तुरुंगात टाकवले आणि घटस्फोट घेऊन परत अमेरिकेला पाठवून दिले. स्वतःचे वर्तन याबाबतीत कसे होते हे फ्रान्सभर ठाऊक होते! फ्रान्समधल्या बाईला मताचा हक्क मिळाला 1944 साली. आमच्या मुंबई इलाख्यात काही स्त्रियांना तो 1921 सालीच मिळालेला होता. ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा मुली एकमेकींकडे पाहून हसतात.

मी क्लेमान्सोला इथे आणला तो याचसाठी. डॉक्टर, मेयर आणि मुत्सद्दी या तिन्ही पायऱ्या दोघांनी चढल्या. पण क्लेमान्सोने राष्ट्र वाचवले आणि घरातल्या बाईकडे पाठ फिरवली. आमच्या देशमुखांनी राष्ट्र वाचवले वगैरे काही नाही. त्यांनी घरातल्या बाईकडे पाहिले.

1934 च्या निवडणुकीत ते मुंबई शहरातून काँग्रेसतर्फे दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. तेथे त्यांनी हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचे बिल मांडले. तोवरची स्थिती काय होती ते आजच्या मुलींना सांगावे लागते. एकत्र कुटुंबात नवरा वारला की त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांत आपोआप विरघळून जाई. बायकोला मिळे ते अन्न, वस्त्र आणि डोक्यावर छप्पर. तेही घरातल्यांच्या मर्जीने, आणि मर्जी खप्पा झाली तर कोर्टाच्या पायऱ्या चढून. हा नियम ज्या ‘मिताक्षरे’वरून चालत आला ती विज्ञानेश्वराने लिहिली कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की हे कल्याणी फार लांब नाही. म्हणजे बेडी आमच्याच मुलुखात घडवलेली होती. ती कापायला मुंबईहून सर्जन यावा लागला.

डॉक्टरांच्या मूळ मसुद्यात मुलीलाही वाटा होता. परंतु बिल चिकित्सा समितीपुढे गेले आणि तेथे मुलगी गळाली. सनातन्यांचा विरोध, घरे फुटतील हा धाक, जमिनीचे तुकडे पडतील ही ओरड. शस्त्रक्रिया पूर्ण करू म्हटले तर रोगी टेबलावरून उठून जातो, अर्धी केली तर निदान जगतो. डॉक्टरांनी अर्धी पत्करली. त्यांची मनःस्थिती मला ठाऊक नाही, हा माझा तर्क. 14 एप्रिल 1937 रोजी कायदा अमलात आला. सबंध कायदा पाच कलमांचा! एकदोन पानांत मावणारा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवेला मुलाइतका वाटा; एकत्र कुटुंबातला असेल तर त्याचा जो हिस्सा तोच तिचा हिस्सा; आणि पुरुषाप्रमाणे वाटणी मागण्याचा तिला अधिकार. शास्त्र वा रूढी काहीही सांगो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

चौथे कलम मात्र वाचताना मी थांबलो. हा कायदा अमलात येण्यापूर्वी जो वारला त्याच्या मालमत्तेला तो लागू नाही. 13 एप्रिलची विधवा आश्रित आणि 14 एप्रिलची विधवा मालकीण. आमच्या घरात या दोन्ही होत्या.

आजोबा तीन भावांतले मधले. थोरले भाऊ 1935 साली तापाने गेले. त्यांच्या पत्नी म्हणजे मोठ्या काकू. मूलबाळ नाही. थोरल्यांचा हिस्सा जुन्या नियमाने राहिलेल्या दोघा भावांकडे गेला आणि मोठ्या काकू स्वयंपाकघरामागच्या खोलीत गेल्या. वर्षाला दोन लुगडी आणि दोन वेळचे जेवण. माझ्या जन्मापूर्वीच त्या गेल्या. घरात त्यांचा फोटोसुद्धा नाही. धाकटे भाऊ 1943 साली विहिरीच्या कामावर सर्पदंशाने गेले. त्यांच्या पत्नी धाकट्या काकू तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. त्यांनाही मूल नव्हते. थोरल्यांचा वाटा आधीच विरघळलेला असल्यामुळे धाकट्यांचा हिस्सा तिसरा नव्हे, निम्मा निघाला. पंढरपूरचे त्यांचे भाऊ वकिलाला भेटून आले आणि आमच्या ओसरीवर भिंत चढली.

जमीनही निम्मी झाली, त्यात पुन्हा एक योगायोग. शेतजमीन हा प्रांतांचा विषय, तिला हा कायदा लागू नाही, असा निकाल फेडरल कोर्टाने 1941 साली दिला होता. खेड्यात जमीन सोडली तर मालमत्ता म्हणजे उरते काय? चार भांडी आणि एक बैलगाडी. 1942 साली मुंबई प्रांताने वेगळा कायदा करून शेतजमीन आत घेतली, म्हणून 1943 च्या विधवेला शिवारात पाय ठेवता आला.

तरीही आजोबा एका गोष्टीवर धीर धरून होते. देशमुख कायद्याने बाईला दिलेली मालकी हयातीपुरती होती. तिला विकता येत नसे, दान करता येत नसे, अगदी गरज असल्याखेरीज. ती डोळे मिटे, की सारे नवऱ्याच्या वारसांकडे परत. आजोबा म्हणत, ‘‘भिंत काय, कच्चीच आहे. एक दिवस पडेल.’’ त्यांनी ती भिंत मुद्दाम भाजक्या विटांची केली नव्हती.

इकडे कायद्याची ठिगळे दिसू लागली होती. 1938 साली त्यात दुरुस्ती झाली. त्याच सुमारास डॉक्टरांनी हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारे बिल पुढे आणले. ते काही तडीस गेले नाही. 1941 साली सरकारने सर बेनेगल नरसिंह राव यांची समिती नेमली ती मुख्यतः या देशमुख कायद्यातल्या अडचणी निस्तरण्यासाठी, आणि तीतूनच पुढे सबंध हिंदू कोडाची कल्पना निघाली. नवऱ्यापासून वेगळे राहून पोटगी मागण्याचा विवाहितेचा हक्क हाही डॉक्टरांनी लावून धरलेला विषय. त्याचा कायदा 1946 साली झाला. त्यातली कारणांची यादी पाहण्यासारखी आहे. अगदी पहिले कारण छळाचे नाही, सवतीचे नाही. पत्नीपासून न जडलेला किळसवाणा रोग नवऱ्याला असणे, हे पहिले कारण! मला तरी या ओळीला दवाखान्याचा वास येतो.

पुढची कथा सर्वांना माहीत आहे. हिंदू कोड रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, आणि मग ते कोड तुकड्यातुकड्यांनी मंजूर झाले. 17 जून 1956 रोजी वारसा कायदा आला. त्याच्या चौदाव्या कलमाने स्त्रीच्या ताब्यातली हयातीपुरती मालमत्ता पूर्ण मालकीची झाली. देशमुख कायदा त्याच दिवशी रद्द झाला. त्याचे काम संपले होते. आमच्या ओसरीवर ही बातमी पोचायला काही महिने लागले. ती कळल्यावर आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, असे आजी सांगत असे.

आणि पलीकडे धाकट्या काकूंनी काय केले? त्या संध्याकाळच्या वेळी आड ओलांडून आमच्याकडे आल्या, स्वयंपाकघरामागच्या खोलीतून मोठ्या काकूंची वळकटी उचलली आणि आपल्या जावेला म्हणाल्या, ‘‘चला वन्सं, आता माझ्याकडे.’’ जावेला त्या ‘वन्सं’ का म्हणत कोण जाणे, पण म्हणत. कायद्याने ज्या बाईला दोन वर्षांनी चुकवले होते, ती शेवटची पंधरा वर्षे कायद्याने दिलेल्या अर्ध्या वाड्यात मानाने जेवली. 1971 साली मोठ्या काकू गेल्या त्या पलीकडच्या माजघरात.

धाकट्या काकूंनी नंतर दोन एकर विकले आणि माझ्या आत्याला पुण्याला शिकायला पाठवले. आजोबांच्या मते मुलीला पुण्याला धाडण्याची गरज नव्हती. पण पैसा त्यांचा नव्हता, त्यामुळे मताला किंमत नव्हती. आषाढात पालखीचा मुक्काम पडला की काकूंची ओसरी दिंडीतल्या बायकांना मोकळी असे. पिठलेभाकरीचा तो वास भिंतीवरून आमच्याकडे येई आणि आम्ही पोरे पलीकडे पळत असू. 1994 साली त्या वारल्या. मृत्युपत्र केले होते: सारे आत्याच्या नावे. माझे वडील त्यानंतर सहा वर्षे आपल्या बहिणीशी बोलले नाहीत. योगायोग असा, की मुलीला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने त्याच वर्षी केली. देशभर ती व्हायला 2005 साल उजाडले. 1937 साली चिकित्सा समितीत गळालेली मुलगी अडुसष्ट वर्षांनी आत आली.

आता माझ्याकडे वळतो. वळायला नको होते, पण पेटी मीच उघडली.

मला एक धाकटी बहीण आहे. बार्शीला दिली आहे. वडिलांच्या मागे वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे गेलो तेव्हा ओळखीच्या एकाने आपुलकीने सांगितले, ‘‘सर, ताईंचं हक्कसोडपत्र करून घ्या. पाचशेचा मुद्रांक, दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या दिवसाचं काम.’’ मी, जो दर वर्षी जनाबाई आणि मुक्ताबाई शिकवताना वर्गापुढे हात पसरून बोलतो, त्याने तो कागद टाइप करून घेतला. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘दादा, कुठं सही करायची तेवढं सांग. मला माहेर पाहिजे, एकर नको.’’ यात तिचे मोठे मन किती आणि माहेर तुटण्याची भीती किती, हे ती सांगणार नाही आणि मी विचारलेले नाही. कालव्याचे पाणी आल्यापासून आमच्या रानात ऊस उभा राहतो; एकर म्हणजे काय हे तिलाही कळते आणि मलाही.

कागद तयार झाला आणि त्याच आठवड्यात पेटीच्या तळाशी वाटणीपत्र सापडले. त्यानंतर मी निबंधकाच्या कचेरीत गेलेलो नाही. आधी कॉलेजच्या परीक्षा होत्या, मग पाऊस होता. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. गेल्या महिन्यात तिला हे सारे सांगितले, डॉक्टर देशमुखांचेही सांगितले. तिला कायदा ठाऊक होता, माणूस ठाऊक नव्हता. ‘‘डॉक्टर होते होय?’’ एवढेच ती म्हणाली, आणि मग बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिली. भिंत अजून उभी आहे. यंदा पावसात एका कोपऱ्याला तिची माती सुटली. आत्याने गवंडी बोलावून ती लिंपून घेतली आणि मजुरीतला निम्मा वाटा माझ्याकडून मागून घेतला.

भाऊबीजेला बहीण येणार आहे. हक्कसोडपत्र कपाटात आहे, त्यावर अजून कुणाचीच सही नाही. यंदा ती आली की आधी तिला पलीकडे आत्याकडे नेणार आहे आणि वाटणीपत्र तिच्या हातात देणार आहे. मोडी वळणाचे अक्षर तिला वाचता येणार नाही. ते मी वाचून दाखवीन.